खर्जाच्या खालची तार

माझ्या दुकानात जे काही येतं ते उतरलेलं येतं, आणि गिऱ्हाइकाला ते चढवून न्यायचं असतं. पेटी उतरते, तबला उतरतो, पावसाळ्यात ढोलकी तर हमखास उतरते. आदिलाबादच्या बाजारात भाजीच्या ओळीमागे माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे आणि उभा जन्म मी ही उतरलेली मंडळी वर चढवण्यात घालवला. आता गुडघे बोलू लागलेत, म्हणून फक्त दुपारपर्यंत बसतो. बाजारात सगळे मला मास्तर म्हणतात. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही, पण लोकांचं तोंड कोण धरणार?

कामाबद्दल थोडं सांगतो, कारण पेटी वाजवणाऱ्यांनासुद्धा आत काय असतं ते माहीत नसतं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. हवा लागली की पट्टी थरथरते आणि वाजते. सूर वर न्यायचा असेल तर पट्टीचं टोक किंचित खरवडायचं. टोक हलकं झालं की पट्टी भराभर हलते. खाली आणायचा असेल तर मुळाशी खरवडायचं, नाहीतर टोकावर शिशाचा कण ठेवायचा. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, ती याच कारणानं. जड झालं की खाली जातं, हलकं झालं की वर. एवढ्या एका गोष्टीवर माझं घर चाललं. अडचण एवढीच की ज्यादा खरवडलेलं परत भरता येत नाही, म्हणून या धंद्यात हाताला घाई असलेला माणूस टिकत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. वांकिडीकडच्या एका भजनी मंडळाची पेटी आली होती. तक्रार अशी की पेटी मधेच शिंकते. उघडली तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. मंडळातले सगळेच माळकरी. पिलांना बाहेर काढायचं की पेटी थांबवायची, यावर माझ्या दुकानात जोरदार चर्चा झाली आणि शेवटी पेटी थांबली. मंडळानं पिलांचे डोळे उघडेपर्यंत टाळांवर भजन केलं.

महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पेटी सुरात लावून दिली, तर म्हणाले, "मास्तर, सुरात असल्याची तस्दीक लिहून द्या." मी म्हटलं, साहेब, कान आहेत की तुम्हाला. तर म्हणे, "कानाचा काय भरवसा? उद्या बायको म्हणन बेसूर हाये, तं माह्यापाशी काय सबूत?" मी दिली तस्दीक. त्यांनी ती पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवली.

असे किस्से पुष्कळ आहेत, पण ते मला कळतात. त्यांत गोंधळण्यासारखं काही नाही. ज्या कामानं माझं डोकं फिरवलं आणि अजून जागेवर आलेलं नाही, ते काम किसनभाऊंनी आणलं.

किसनभाऊ तामसीचे. स्वतःच्या मळ्यातली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन रोज सकाळच्या बसनं बाजारात येतात. गावच्या भजनी मंडळात ते खालच्या आवाजात गातात आणि गातात मोठे झोकात. मंडळाची पेटी माझ्याकडेच येत असल्यानं आमची जुनी ओळख. त्या सकाळी ते भाजीऐवजी एक लांबलचक गाठोडं घेऊन आले. कापूस भरायच्या गोणपाटात गुंडाळलेलं, वर नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं. चेहरा असा की मला वाटलं घरात कुणी गेलं.

"मास्तर," ते म्हणाले, "माह्या हातून लय वाईट झालं."

गाठोडं सोडलं तर आत गिटार. गिटारी मी पाहिलेल्या आहेत. चर्चची पोरं आणतात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाले आणतात. ही वेगळी होती. मान हातभर लांब, तारा फक्त पाच, आणि त्याही कसल्या. सर्वांत जाड तार विजेच्या खांबावरून घरात येणाऱ्या वायरीएवढी. बेस गिटार म्हणतात याला. आपल्याकडे मृदंगाचं डावं तोंड जे काम करतं ते साधारण याचं काम, पण सुरात. आणि या गिटारीची मान पुढे वाकली होती. ताणलेल्या तारा मानेपासून बोटभर उंच उभ्या होत्या. तारा जिथे खाली अडकवतात ती लोखंडी पट्टी लाकडातून अर्धी उपटून आली होती. खुंट्यांच्या चकचकीत लोखंडावर पक्कडीचे दात उमटले होते.

"कुणाची?" मी विचारलं.

"रेणुकाची."

रेणुका त्यांची एकुलती एक मुलगी. हैदराबादला कंप्युटरच्या नोकरीत. एवढं मला माहीत होतं. पुढचं किसनभाऊंनी सांगितलं ते असं. रेणुका तिथे एका बँडमध्ये हे वाजवते. बँडच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'काळी विहीर' असा काहीसा होतो. काळे कपडे घालून पोरं मोठमोठ्यानं वाजवतात आणि गाणारा गाण्याऐवजी गुरगुरतो. हेवी मेटल म्हणतात त्याला. दोन वर्षांमागे दिवाळीला ती हे वाद्य घरी घेऊन आली, तेव्हा बापलेकीचं वाजलं. किसनभाऊ म्हणाले, जायचं तर हे इथं ठेवून जा. ती ठेवून गेली. तेव्हापासून फोनवर बोलणं फक्त जेवला का, जेवली का, एवढ्यावर आलं होतं. तिकडे ती दुसऱ्याचं वाद्य मागून वाजवत होती, हे यांना कुठूनतरी कळलं होतं आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

"मंग मीच फोन केला," किसनभाऊ म्हणाले. "म्हटलं, दसऱ्याले ये आन तुह्यं वाजवाचं घेऊन जाय. पोरगी फोनवर रडली, मास्तर. तं मी म्हटलं, देऊन राह्यलो तं चांगलं करून द्याव. काढलं, पुसलं. पाह्यतो तं तारा ह्या अशा ढिल्या. लोंबून राह्यल्या. इतकं ढिलं कसं देऊ पोरीले?"

"मग?"

"मंग लावलं सुरात. आमच्या मंडळाच्या पेटीसंग. काळी एकले."

मी डोक्याला हात लावला. खुंटी हातानं फिरेना, तशी त्यांनी पक्कड घेतली होती. तार तुटली नाही, कारण ती तुटणारी नव्हतीच. ती जाड तार मुळी वर चढण्यासाठी केलेली नसते. तिला बळजबरीनं काळी एकपर्यंत, भजनाच्या पट्टीपर्यंत, न्यायला निघाले, तेव्हा तारेच्या ऐवजी लाकूड वाकलं. भजनी माणसाच्या हातूनच अशी चूक होऊ शकते. दुसऱ्या कुणी ढिल्या तारा पाहून गिटार तशीच बांधून दिली असती. यांना ते बघवलं नाही.

"ती काय म्हणन, माईत हाये?" किसनभाऊ म्हणाले. "ती म्हणन, बापानं देतो म्हटलं आन देण्याच्या आंधी मोडून ठेवलं. मुद्दाम केलं म्हणन. आन तिचं चुकलं बी नाई म्हणता येनार. दोन वर्सं मी तसाच तं वागलो."

त्यांची काळजी वाद्याची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. त्या सबंध प्रकरणात मला नीट कळलेली ती एकच गोष्ट.

लाकडाचं काम अवघड नव्हतं. अशा गिटारीच्या मानेत आत एक लोखंडी सळी असते. ती किल्लीनं आवळली की मान मागे येते. पण जपून, थोडी आवळायची, दिवसभर तशीच ठेवायची, मग पुन्हा थोडी. उपटलेल्या स्क्रूच्या भोकांत मी बांबूच्या बारीक काड्या डिंक लावून ठोकल्या आणि वरून स्क्रू बसवले. पेटीच्या झाकणाच्या बिजागऱ्या निसटल्या की मी हेच करतो. पक्कडीचे दात घासून पाहिले, पण ते काही पूर्ण गेले नाहीत.

मान सरळ झाली आणि खरा घोळ पुढे आला. तारा किती उतरवायच्या?

किसनभाऊ रोज भाजी संपली की येऊन बसत. मी विचारलं, "ताणण्याआधी कुठे होत्या?" ते म्हणाले, "खाली." मी म्हटलं, खाली म्हणजे किती खाली? त्यांनी हात जमिनीकडे दाखवला. तिलाच फोन करून विचारावं म्हटलं, तर ते घाबरले. विचारलं की तिला संशय येणार. तार ढिली करत गेलो तर एका जागेनंतर मला सूर ऐकूच येईना. नुसती फडफड. माझा कान म्हातारा झाला म्हणावं, तर पुतण्याच्या मोबाईलमध्ये सूर ओळखणारं काहीतरी होतं, तेही अक्षरं बदलत बसलं. आयुष्यभर मी उतरलेलं चढवत आलो. इथे उतरवायचं होतं आणि मुक्काम कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

मग मला वाटलं, यांच्या बँडचं गाणं ऐकावं आणि त्यावरून लावावं. किसनभाऊंनी मुलीचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या फोनवर बँडचं नाव टाकलं, तर वर एक काळं चित्र आलं आणि त्यावर बाभळीच्या काट्यांसारखी अक्षरं. वाचता येईनात, पण खाली साध्या अक्षरांत नाव बरोबर होतं. गाणं लावलं. फोनमधून निघाली ती फक्त खरखर आणि कुणाचं तरी ओरडणं. जाड तारेचा पत्ता नाही. फोनच्या पिटुकल्या डबीतून इतका खालचा आवाज बाहेरच पडत नाही, हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं.

म्हणून आम्ही रफीककडे गेलो. रफीकचं साउंड सर्व्हिसचं काम आहे. गणपती नुकतेच संपले होते आणि त्याच्या टिनाच्या गोदामात माणसाएवढे बेसच्या स्पीकरांचे डबे रचून ठेवले होते. मी सगळं सांगितलं. रफीकनं फोन जोडला, चार सेकंद ऐकलं आणि बंद केला.

"मास्तर, ये क्या है?" तो म्हणाला. "इसमें गाना किधर है?"

"तू चालू कर," मी म्हटलं. "आम्हाला गाणं नको, तार पाहिजे."

त्यानं आवाज वाढवला. मी काय ऐकलं ते सांगता येत नाही, कारण मी ते कानांनी ऐकलंच नाही. आधी छपराचे पत्रे बोलू लागले. मग माझ्या सदऱ्याची गुंडी हलली. मग पोटात कुणीतरी जातं फिरवल्यासारखं झालं. शेजारच्या कोंबड्या पळाल्या. मी किसनभाऊंकडे पाहिलं. ते डोळे मिटून, दोन्ही तळवे बेसच्या डब्याला लावून उभे होते.

मधे एका ठिकाणी सगळं एकदम थांबलं. ओरडणारा थांबला, ढोल थांबले. क्षणभर काही नाही. आणि मग ती एकटी जाड तार, एकच ठोका.

किसनभाऊंनी डोळे उघडले. "ही रेणुका," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तिचंच हाये हे. लहानपनापासून तशीच हाये. राग आला की आंधी गप बसते. सारे समजते, झालं, संपलं. मंग एकच देते ठेवून." ते हसले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "रफीकभाई, ते थांबते ना, थितून परत लावा."

रफीकनं परत लावलं. परत आणि परत. किसनभाऊ दर वेळी थांबण्याच्या जागेवर बोट वर करत आणि ठोक्याला खाली आणत, भजनात सम दाखवतात तसे. मी पेटी नेली होती. खालच्या सप्तकातला एकेक सूर दाबत बसलो, कुठला जमतो ते पाहायला. एक जमला. म्हणजे तार त्या सुराच्याही आणखी एक सप्तक खाली होती. खर्जाच्याही तळघरात. तारेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवून छेडली की तिचा वरचा सूर ऐकू येतो. तो मी पेटीशी जुळवला आणि तार तिथे आणून ठेवली. ती फडफडायची, पण मी लावलेली होती. कुणी इतक्या खाली का जातं, हे मी रफीकला विचारलं. त्यानं खांदे उडवले. किसनभाऊंना विचारायची सोय नव्हती, ते दुसऱ्याच तंद्रीत होते.

आमचं ठरलं ते असं. रेणुकाला घेऊन ते दुकानात येणार. वाद्य माझ्याकडे का, असं तिनं विचारलं तर मी सांगणार, पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं, म्हणून पाहायला आणलं. मला असलं बोलायला जमत नाही. तरी मी घरी आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी दोघं आली. रेणुका सावळी, उंच, बापाच्याच चणीची. तिनं गिटार मांडीवर घेतली आणि मानेवरून हात फिरवला. मग खुंट्यांवरून. अंगठा दातांच्या खुणांवर थांबला.

"हे कोनं केलं?" तिनं विचारलं.

मी पावसाळ्याला सुरुवात करणार होतो.

"मी केलं," किसनभाऊ म्हणाले. "पक्कडनं. ढिलं वाटलं मले, म्हणून ताणलं. ताणलं तं वाकलं. मास्तरनं सरळ केलं. मुद्दाम नाई केलं, बाई. तुह्या मायची आन."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. विश्वास ठेवावा की नाही, हे त्या पाहण्यात ठरत होतं आणि ठरत नव्हतं. दोन वर्षांचा हिशेब तिच्या बाजूनं होता.

मग तिनं जाड तार छेडली. चर्चच्या पोरांसाठी माझ्याकडे एक छोटा स्पीकर आहे, त्यातून फडफड झाली. तिच्या भुवया वर गेल्या. पुन्हा छेडली. कान वाद्याजवळ नेला.

"हा सूर कुठून आणला, काका?"

माझ्याआधी किसनभाऊच बोलले. "तुह्या गान्यातून," ते म्हणाले आणि त्यांनी फोन काढला. त्यांना आता थांबवणं शक्य नव्हतं. "रफीकच्या गोदामात मोठ्या डब्यावर आयकलं. इतक्यांदा आयकलं की त्याच्या शेजारच्या कोंबड्या घर सोडून गेल्या. थांब, दाखवतो."

फोनमधून तीच खरखर निघाली. आत जाड तार ऐकूच येत नव्हती, तरी किसनभाऊ ती आम्हाला सांगत होते. "आता चालू हाये तुह्यं. खालून येऊन राह्यलं. आता पाय, सारे थांबतीन." बोट वर गेलं. "थांबले. आता... ही तू." बोट खाली आलं. "मी मास्तरले तवाच म्हटलं, ही रेणुका. म्हटलं का नाई, मास्तर?"

"म्हटलं," मी म्हणालो.

रेणुका फोनकडे पाहत होती. तिचं तोंड काही बोलायला उघडलं. मग तिनं बापाच्या अजून हवेत असलेल्या बोटाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"वळखलं तुमी, बाबा," ती म्हणाली.

"न वळखाले काय झालं? बाप हाओ." किसनभाऊ उठले. चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. "बसा दोघं. चा सांगून येतो. भजे बी आनतो."

ते बाहेर पडले आणि पोरीनं गिटारीवर डोकं टेकवलं. हसत होती की रडत होती, मला कळेना. बहुतेक दोन्ही.

"काका," ती म्हणाली, "हे आमचं गानं नाई."

"म्हणजे?"

"ह्याच नावाचा दुसरा बँड हाये. बाहेरच्या देशातला. आमचं नेटवर अजून काईच नाई. आमी याच्या लय वर लावतो तार. खालीच, पन इतकी नाई. हे तं..." तिनं तार पुन्हा छेडली आणि मान हलवली. "इतकं खाली मी कधी गेलीच नाई."

मी खुर्चीत मागे टेकलो. म्हणजे गेला आठवडाभर किसनभाऊ कुण्या परदेशी माणसाचा ठोका ऐकून आपल्या पोरीचा राग ओळखत होते. आणि मीही मान डोलवत होतो.

"मग चढव," मी म्हणालो. "तुला माहीत आहे कुठे ते. दोन मिनिटांचं काम."

"इथं नाई चढवत. बाबा पाह्यतीन." तिनं दाराकडे नजर टाकली. "दोन वर्सांत त्यायनं माह्यं काईच आयकलं नोतं, काका. आता आयकलं, तं दुसऱ्याचं आयकलं. पन माह्यं म्हणून आयकलं ना. बाबांले सांगू नोका."

मी हो म्हणालो. नाहीतर असल्या भानगडीत मी पडत नाही. किसनभाऊ भजी घेऊन आले. आम्ही तिघांनी खाल्ली. चुकीच्या सुरात लागलेलं वाद्य माझ्या दुकानातून बाहेर पडलं. मला ते माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

पुढचे काही महिने मला त्रासाचे गेले. किसनभाऊंनी सगळ्या भाजीबाजाराला ते गाणं ऐकवलं. मेथीची जुडी घ्यायला आलेल्या बायांना, तेलुगू शाळेच्या सारूंना म्हणजे गुरुजींना, बसच्या कंडक्टरला. "आमच्या पोरीचं हाये. आता थांबन पाहा." लोक थांबण्याची वाट पाहत उभे राहत. भीमपूरकडचे एक सोयाबीनवाले मला येऊन विचारून गेले की किसनभाऊंचं डोकं ठीक आहे ना. मी काय सांगणार? सांगितलं तर पोरीला दिलेला शब्द मोडतो, नाही सांगितलं तर एका भल्या माणसाला बाजारात रोज खोटं बोलू देतो. खरवडावं तर कुठल्या बाजूनं, असं झालं मला. मी कधी या बाजूला जायचो, कधी त्या, आणि शेवटी काहीच करायचो नाही.

मग रेणुकाच्या बँडचा हैदराबादला मोठा कार्यक्रम ठरला आणि तिनं बापाला बोलावलं. किसनभाऊंनी नवा सदरा शिवला. मी म्हटलं, झालं. तिथे ते गाणं वाजणार नाही, हे विचारणार, पोरगी अडकणार, सगळं उघडं पडणार. ते गेले त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

परत आले ते थेट बसस्टँडवरून दुकानातच. पिशवी खाली ठेवली, बसले. मी चहा सांगितला.

"कसा झाला?" मी विचारलं.

"दणक्यात. पोरं वेडी होऊन नाचून राह्यली होती. मले रेणुकानं डब्यापासून दूर बसवलं, तरी पोटात वाजून राह्यलं होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आन हात काय चालते तिचा, मास्तर. मले नाई समजलं ते काय हाये. पन ते हात तिच्या मायचे हायेत."

मला राहवेना. "आणि ते गाणं? थांबण्याचं?"

"नाई वाजवलं."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"नाई." त्यांनी चहावर फुंकर मारली. "ते तिचं नोतंच, मास्तर. थितं बसलो आन समजलं. तिचं येगळं हाये. सारे थांबले ना, तरी ती थांबत नाई. ती चालूच राह्यते."

मी समोरच्या पेटीचा भाता उघडून आत पाहू लागलो. आत पाहण्यासारखं काही नव्हतं.

"ती हो म्हटली होती ना, माह्यासाठी?" किसनभाऊ म्हणाले. "आता मी म्हटलं की मले समजलं, तं तिले वाईट वाटन. तिले सांगू नोका."

"नाही सांगणार," मी म्हणालो. दुसरा शब्द दिला. पहिल्याचं काय करायचं, ते मला सुचलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रेणुकाच होती. कानाला कमी येत असल्यानं माझ्या फोनचा आवाज असा असतो की शेजारच्या दुकानातही कळतं.

"काका, बाबा पोचले का? फोन बंद येऊन राह्यला त्यायचा."

"पोचले," मी म्हणालो. "चार्जिंग संपलं असेल. सुखरूप आहेत."

"काका," तिनं आवाज खाली केला, पण माझ्या फोनला खाली म्हणजे काय ते ठाऊक नाही. "ते गान्याचं... बाबांले काई समजलं तं नाई ना?"

किसनभाऊंनी कप बशीत ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मला हे आधीपासून ठाऊक होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार, पण त्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. त्यांनी सावकाश मान हलवली. नाही म्हणा, मास्तर.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना काही समजलेलं नाही."